घरांतील आगटी आणि तिची ऊब

आजचा विषय आपल्या बहुतेकांच्या घरचा नाहीं. आपल्याकडे एके काळीं स्वयंपाकघरांत चूल होती, ओटीवर शेगडी होती, न्हाणीघरांत तांब्याचा बंब होता. परंतु भिंतीच्या पोटांत विस्तव पेटवून त्यासमोर खुर्च्या मांडून बसण्याची रीत आपली नव्हे. ती थंड देशांची रीत आहे. तथापि गेल्या कांहीं दशकांत पुष्कळ मराठी कुटुंबें अमेरिकेच्या ईशान्य भागांत, म्हणजे न्यू इंग्लंड या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशांत जाऊन राहिलीं आहेत. तेथील जुन्या घरांत दिवाणखान्याच्या भिंतींत विटांची आगटी असते. हौसेनें तींत लाकडें पेटवावीं, ज्वाळा डोळ्यांना सुखवितात. आणि घटकाभरानें अनुभव येतो तो हा कीं, पुढून अंग भाजतें, पाठ मात्र गारठलेलीच राहते. शेजारच्या खोलींत तर विस्तव पेटल्याची वार्ताहि पोंचत नाहीं. मग कोणी सुचवितो, आगटींत लोखंडी पेटी बसवून घ्या. इंग्रजींत तिला 'इन्सर्ट' म्हणतात. ती बरेच डॉलर मोजून बसविली जाते, आणि पहिल्याच हिवाळ्यांत तक्रार सुरू होते कीं, एवढें करूनहि घर तापत नाहीं.

या तक्रारीचें मूळ कोठें आहे, आणि तिचें निवारण कोणत्या क्रमानें करावें, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे. पेटी मुळांत फारच लहान असली तर गोष्ट वेगळी; एरव्हीं दोष पेटीच्या लोखंडांत क्वचितच असतो. तो लाकडांतील पाण्यांत, वाऱ्याच्या नियमनांत, धुरांड्याच्या वाटेंत आणि घराच्या फटींत असतो. आणि बहुधा याच क्रमानें असतो.

प्रथम उघडी आगटी घर कां तापवूं शकत नाहीं तें पाहूं. विस्तवावरची हवा तापून हलकी होते व धुरांड्यांतून वर जाते. तिची जागा घ्यावयास खोलींतील हवा धांवते. आणि खोलींतील हवेची जागा घ्यावयास दारांखिडक्यांच्या फटींतून बाहेरची बर्फगार हवा आंत शिरते. मोठी उघडी आगटी अशा रीतीनें मिनिटाला तीनशें घनफुटांपर्यंत हवा ओढून नेऊं शकते. पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद आणि नऊ फूट उंच अशी खोली घेतली, तर तिच्यांतील सारी हवा पांच-सहा मिनिटांत धुरांड्याबाहेर गेली असें होईल. म्हणजे आपण एका हातानें खोली तापवितों आणि दुसऱ्या हातानें ती रिकामी करितों. लाकडांतील शंभर भाग उष्णतेपैकीं दहा भाग घराच्या पदरांत पडले तरी पुष्कळ. बाकीचे नव्वद भाग आकाशाला अर्पण होतात.

हें दुखणें ओळखणारे दोन थोर पुरुष योगायोगानें याच न्यू इंग्लंडच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतींत जन्मले. बेंजामिन फ्रँकलिन १७०६ सालीं बोस्टन शहरीं जन्मला. पुढें फिलाडेल्फियास असतां त्यानें एक लोखंडी आगटी योजिली आणि १७४४ सालीं तिच्यावर पुस्तिका छापली. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरानें तिचा एकाधिकार देऊं केला असतां, दुसऱ्यांच्या शोधांचा लाभ आपण घेतों तसा आपल्या शोधाचा लाभ दुसऱ्यांना देण्यांत आनंद मानावा, असें म्हणून त्यानें तो नाकारिला. फ्रँकलिनच्या युक्तींत धूर एका पोकळ पडद्याभोंवतीं फिरवून खालीं उतरविला जाई व मग धुरांड्यांत सोडला जाई. हेतु हा कीं, त्यानें जातां जातां आपली उष्णता लोखंडाला द्यावी. कल्पना सुंदर होती. पण धूर फार थंड झाला म्हणजे त्याला वर चढण्याचें बळ उरत नसे, आणि तो खोलींत परते. यांतला धडा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. धुराची सगळीच उष्णता काढून घेतां येत नाहीं. वर जाण्याचें भाडें म्हणून थोडी त्याच्याजवळ ठेवावीच लागते.

दुसरा पुरुष बेंजामिन टॉम्सन, जो पुढें काउंट रमफर्ड म्हणून प्रसिद्धीस आला. त्याचा जन्म १७५३ सालीं वोबर्न गांवीं झाला. म्यूनिक येथें तोफा कोरतांना उत्पन्न होणाऱ्या उष्णतेवरून, उष्णता हा पदार्थ नसून गति आहे, असा सिद्धांत त्यानें १७९८ सालीं मांडला, हें विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच. त्याच्या दोन वर्षें आधीं, १७९६ सालीं, त्यानें आगट्यांवर निबंध प्रसिद्ध केला. त्याचा उपाय अगदीं साधा होता. आगटी उथळ करा, तिच्या बाजू तिरप्या करा म्हणजे धग खोलीकडे वळेल. आणि धुरांड्याचा गळा आवळा म्हणजे खोलींतील हवा फुकट जाणार नाहीं. लंडनमध्यें पुष्कळांनीं आपल्या आगट्या त्याप्रमाणें बदलून घेतल्या. आजची लोखंडी पेटी म्हणजे या दोघांच्या विचारांचें कांच आणि पोलादांत झालेलें एकत्रीकरणच होय.

पेटीची रचना आपल्या बंबावरून चटकन समजते. बंबाच्या मधोमध नळी असते, तींत विस्तव असतो आणि नळीभोंवतीं पाणी असतें. विस्तव पाण्याला शिवत नाहीं, पण नळीच्या पत्र्यांतून आपली उष्णता त्याला देतो. पेटींत पाण्याच्या जागीं हवा असते. आंतल्या कोठींत लाकडें जळतात. बाहेरच्या कवचाला आणि कोठीला मध्यें पोकळी असते. खोलींतील गार हवा खालून त्या पोकळींत शिरते व तापून वरच्या झरोक्यांतून खोलींत येते. बहुधा एक लहानसा विजेचा पंखा तिला ढकलतो. पुढें कांचेचें घट्ट बसणारें दार असतें. जळणाला लागेल तेवढीच हवा एका खिट्टीच्या इशाऱ्यानें आंत येते. अशी चांगली पेटी शंभरांपैकीं सुमारें सत्तर भाग उष्णता घराला देऊं शकते. दहा आणि सत्तर, हा फरक कांहीं लहान नव्हे. मग तक्रार कां उरते?

येथें थोडें गणित करूं. एक किलो पाणी एक अंशानें तापवावयास जितकी उष्णता लागते तिला आपण एक उष्मांक म्हणूं. पूर्ण कोरड्या लाकडाच्या एका किलोंत सुमारें ४,४०० उष्मांक असतात. मग तें लाकूड ओकचें असो वा पाइनचें, वजनास वजन फारसा फरक नाहीं. परंतु लाकडांत पाणी असतें. वीस अंशांवरचें एक किलो पाणी उकळीस आणावयास ८० आणि त्याची वाफ करावयास ५४० असे एकंदर ६२० उष्मांक खर्चावे लागतात, आणि ती वाफ धुरांड्यांतून निघून जाते.

आतां पेटींत दहा किलो वाळलेलीं लाकडें घातलीं असें समजा. त्यांत पाणी दोन किलो, लाकूड आठ किलो. लाकडाचे ३५,२०० उष्मांक. त्यांतून पाण्याचे १,२४० वजा जातां सुमारें ३४,००० उरले. त्यांचे शेंकडा सत्तर, म्हणजे २३,८००, घराला मिळाले. हा विस्तव सहा तास चालला तर तासाला सुमारें चार हजार उष्मांक पडले. दीड किलोवॉटचे तीन विजेचे हीटर एकदम लावावे, तेवढी ही ऊब झाली. एका प्रशस्त दिवाणखान्याला आणि त्याच्या लगतच्या खोलीला ती पुष्कळ आहे.

त्याच पेटींत नुकत्याच तोडलेल्या झाडाचीं दहा किलो लाकडें घाला. त्यांत निम्मे वजन पाण्याचें असतें. लाकूड उरलें पांच किलो, त्याचे उष्मांक २२,०००, पाण्यानें खाल्ले ३,१००, राहिले १८,९००. पण नुकसान येथेंच थांबत नाहीं. विस्तव मंद असल्यामुळें पुष्कळसा धूर न जळतांच निघून जातो. सत्तरांऐवजीं पन्नासच भाग हातीं लागले असें धरूं. म्हणजे घराला मिळाले ९,४५०, तासाला सोळाशेंच्याहि आंत. पेटी तीच, वजन तेंच, श्रम तेच. आणि ऊब निम्म्याहून कमी! आपल्याकडे म्हणतात कीं, सुक्याबरोबर ओलेंहि जळतें. जळतें खरें, परंतु तें सुक्याच्या जिवावर जळतें, आणि सुक्याची धग गिळून टाकतें.

ओल्या लाकडाचा धूर न जळतां कां निघून जातो, हेंहि समजून घेतलें पाहिजे. लाकूड पेटलें असें आपण म्हणतों, तेव्हां वस्तुतः लाकडांतून निघणारे वायु पेटलेले असतात. लाकूड तापलें म्हणजे त्याच्या कोरड्या वजनाच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वायुरूप होऊन बाहेर पडतो. निखारा म्हणून मागें राहतो तो उरलेला अंश. हे वायु नीट जळावयास सुमारें सहाशें अंशांची उष्णता, पुरेशी हवा आणि ज्वाळेंत कांहीं काळ वास्तव्य या तीन गोष्टी लागतात. म्हणून आधुनिक पेटीला आंतून उष्णतारोधक विटा लावितात, माथ्याखालीं एक आडवा पडदा घालितात आणि त्याखालीं बारीक छिद्रांच्या नळ्या बसवितात. त्या छिद्रांतून तापलेली हवा येते व धुराला दुसऱ्यांदा पेटविते. पेटी नीट चालली असतां त्या छिद्रांपाशीं ज्योतींची ओळ लागलेली दिसते. ती ओळ दिसली नाहीं, तर लाकडांतली बरीचशी उष्णता वापरलीच गेली नाहीं असें खुशाल समजावें. तो आडवा पडदा सरकला किंवा फुटला असला तरीहि हीच दशा होते; म्हणून पेटी थंड असतां तो जागेवर आहे कीं नाहीं तें पाहून घ्यावें.

तेव्हां पहिला उपाय लाकडाचा. ओंडका फोडल्यावांचून वाळत नाहीं, कारण सालीच्या आवरणांतून पाणी फार सावकाश निघतें. म्हणून लाकडें आधीं फोडावींत, मग जमिनीपासून उंच अशा आडव्यांवर रचावींत, वर आच्छादन घालावें, पण बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवाव्यात. मेपल व बर्च यांना एक सबंध वर्ष बहुधा पुरतें. ओकला मात्र दोन उन्हाळे द्यावे लागतात. तेथें लाकूड 'कॉर्ड' या मापानें विकतात. आठ फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच अशी रास, म्हणजे १२८ घनफूट. विकणारा तें वाळलेलें आहे असें सांगतो. त्याच्या शब्दावर न विसंबतां एखादी ढलपी मधोमध फोडून ताज्या अंगावर दोन टोंकांचें ओलावामापक यंत्र टेकवावें. आकडा विसांच्या आंत असावा. यंत्र नसेल तर दोन ढलप्या एकमेकींवर आपटाव्यात. वाळलेल्या खणखणतात, ओल्या नुसत्या थप्प करितात. कोंकणांतील गृहिणीला हें शिकवावयास नको. मृगापूर्वींच पावसाळ्याचें सरपण कोरडें करून ती माळ्यावर टाकते. तिची बेगमी चार महिन्यांची असते, न्यू इंग्लंडांतील बेगमी दोन वर्षांची. धोरण मात्र एकच.

दुसरा उपाय वाऱ्याचा. येथें माणसें दोन टोंकांना जातात. कोणी हवेची खिट्टी सर्वस्वी उघडी ठेवितात. ज्वाळा धडधडतात आणि उष्णता धुरांड्यांत पळते. कोणी लाकूड पुरवावें म्हणून ती अगदीं बंद करितात. विस्तव घुसमटतो, धुमसतो आणि सर्व ऊब धुराच्या रूपानें नाहींशी होते. योग्य मार्ग मधला आहे. आरंभीं खिट्टी पूर्ण उघडी ठेवावी. मोठीं लाकडें खालीं, त्यांवर मध्यम, आणि सर्वांत वर कपच्या ठेवून वरून पेटवावें. आपल्या चुलीच्या रीतीच्या हें उलट दिसतें खरें, परंतु यानें धूर ज्वाळेंतून जातो व धुरांडें लवकर तापतें. लाकडें चांगलीं धरलीं आणि पेटी तापली म्हणजे खिट्टी टप्प्याटप्प्यानें आवळीत जावें. ज्वाळा आळसावून डोलूं लागाव्यात, पण विझूं नयेत, ही तिची सीमा. कांच हा यांतला उत्तम साक्षीदार आहे. कांच स्वच्छ राहिली तर सर्व ठीक. काळी पडूं लागली तर लाकूड ओलें आहे किंवा वारा कमी पडतो आहे. आणि खिट्टी आवळूनहि विस्तव आवरत नसेल, तर दाराभोंवतालची दोरी झिजली असेल. दारांत कागदाची पट्टी धरून दार लावावें. पट्टी सहज ओढून निघाली तर ती दोरी बदलावी.

तिसरा उपाय धुरांड्याचा, आणि पुष्कळ घरांत पेटी बसवितांना हाच गाळलेला असतो. विटांची जुनी आगटी पेटीपेक्षां बरीच मोठी असते. पेटीच्या मागें व वर पोकळी राहते, आणि पेटीच्या अंगाची ऊब त्या पोकळींतून थेट जुन्या धुरांड्यांत चढते. आगटी घराच्या बाहेरच्या भिंतींत असली तर विटा तापतात आणि ती उष्णता अंगणांतल्या बर्फाला देतात. यास्तव पेटीपासून धुरांड्याच्या माथ्यापर्यंत गंजरहित पोलादाची स्वतंत्र नळी घालावी. आणि जुन्या धुरांड्याच्या गळ्याशीं, नळीभोंवतालची जागा पत्र्यानें बंद करून त्यावर न जळणारी खनिज लोंकर घालावी. हा पत्रा स्वस्त असतो, आणि एकदां बसविला म्हणजे नजरेआड होतो. पण तो नसेल तर पेटीचा मोठा वांटा भिंत आणि आकाश खातात. नळीचा दुसराहि लाभ आहे. रुंद व थंड धुरांड्यांत धूर रेंगाळतो. अरुंद व ऊबदार नळींतून तो तडक निघून जातो. फ्रँकलिनच्या आगटीचें दुखणें येथें टळतें. हें काम जाणत्या कारागिराकडून, स्थानिक नियमांस धरूनच करवावें.

चौथा उपाय खोलीचा. पंखा पेटी गार असतां लावूं नये; लोखंड तापल्यावर लावावा. दूरच्या खोल्यांत ऊब न्यावयाची असेल तर बहुतेक लोक पेटीपाशीं पंखा ठेवून गरम हवा ढकलूं पाहतात. त्याहून चांगली युक्ति अशी कीं, दूरच्या गार खोलींत जमिनीवर लहानसा पंखा ठेवून तेथील हवा पेटीकडे ढकलावी. गार हवा जड असल्यामुळें ती जमिनीलगत सहज वाहते, आणि तिची जागा घ्यावयास छताखालून ऊबदार हवा आपोआप तिकडे जाते. माळ्याच्या जमिनीवर उष्णतारोधक थर घालणें, खिडक्यांच्या फटी बुजविणें, रात्रीं जाड पडदे ओढणें, यांनीं मिळालेली ऊब टिकते. व्हरमाँटसारख्या भागांत पारा शून्याखालीं वीस अंशांपर्यंत उतरतो; अशा रात्रीं जुन्या, मोठ्या, फटींच्या घराला आपण वर काढलेल्या हिशेबाच्या दुप्पट-तिप्पट उष्णता लागूं शकते. तेवढी एका पेटीकडून मागणें हा तिच्यावर अन्याय होईल. तिच्या भोंवतालच्या दोन-तीन खोल्या तिच्या. बाकीचें घर दुसऱ्या साधनानें राखावें.

ही मर्यादा मी मुद्दाम सांगतों. कारण ऊब पुरत नाहीं असें वाटलें म्हणजे माणूस जें करितो, त्यांत खरा धोका आहे. पेटींत रात्रीं ओंडके कोंबावयाचे, खिट्टी मिटावयाची आणि विस्तव सकाळपर्यंत धुमसत ठेवावयाचा, ही पुष्कळांची युक्ति. यानें दोन संकटें उद्भवतात. एक असें कीं, न जळलेला धूर धुरांड्याच्या गार अंगावर डांबरासारखा गोठतो. हा थर केव्हां तरी पेट घेतो, आणि मग धुरांड्यांत आग लागून घरापर्यंत पोंचते. म्हणून धुरांडें वर्षांतून एकदां तरी तपासून व झाडून घेतलें पाहिजे. दुसरें संकट अधिक कपटी आहे. हवेच्या अभावीं धुमसणाऱ्या विस्तवांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. धुरांड्याची ओढ मंदावली आणि तो खोलींत परतला, तर झोंपलेला मनुष्य झोंपेंतच जातो. त्याची चाहूल देणारीं, मोठ्यानें ओरडणारीं लहान यंत्रें बाजारांत मिळतात. निजावयाच्या खोल्यांपाशीं एकेक असल्यावांचून अशी पेटी पेटवूं नये. आणि राख काढतांना ती झांकणाच्या लोखंडी बादलींत घालून घराबाहेर, लांकडी ओट्यापासून दूर ठेवावी; राखेच्या पोटांत निखारा दिवसचे दिवस जिवंत राहतो.

या वायूचा संबंध केवळ अमेरिकेशीं आहे असें मात्र कोणी समजूं नये. काश्मिरांत व हिमाचलांत पत्र्याची बुखारी आणि कोळशाची शेगडी वापरतात, आणि बंद खोलींत गुदमरून माणसें दगावल्याच्या वार्ता हिवाळ्यांत तिकडून येत असतात. तिकडे प्रवासास जाणाऱ्या मराठी मंडळींनीं हें विसरूं नये. आपल्या घरींहि बाळंतिणीच्या खोलींत शेक-शेगडीसाठीं कोळसे पेटवून, तान्ह्या मुलाला वारा लागूं नये म्हणून दारेंखिडक्या लावून घेण्याची चाल आहे. शेगडीला तर धुरांडेंहि नसतें. निखारा धूर देत नाहीं म्हणून तो निर्दोष वाटतो. परंतु तोच वायु त्यांतून निघत असतो. तेव्हां शेक द्यावयाचा तर खिडकी किलकिली ठेवावी, आणि शेक झाला कीं शेगडी खोलीबाहेर काढावी. एवढी एक गोष्ट या भाषणांतून कोणाच्या घरीं पोंचली, तरी माझे श्रम फळास आले असें मी समजेन.

धूर जसा घरच्यांना तसा शेजाऱ्यांनाहि बाधतो. म्हणून अमेरिकेनें १९८८ सालीं लाकडाच्या पेट्यांतून निघणाऱ्या धुरावर प्रथम मर्यादा घातली. २०१५ सालीं ती अधिक कडक केली आणि २०२० पासून तिचा दुसरा टप्पा लागू केला. इंग्लंडांत २०२१ च्या मे महिन्यापासून, थोड्या प्रमाणांत विकल्या जाणाऱ्या सरपणांत ओलावा शेंकडा विसांहून अधिक नसावा, असा नियम झाला. ध्यानांत घ्या, धूर कमी करावयाचा उपाय आणि ऊब वाढवावयाचा उपाय एकच आहे. कारण धूर म्हणजे न वापरलेली ऊब. आपल्याकडे वर्ध्याच्या मगनवाडींत १९३४ सालीं स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाच्या परंपरेंतून जी 'मगन चूल' निघाली, तिचेंहि मर्म हेंच होतें. विस्तव झांकावा, त्याच्या धगेनें एकाऐवजीं अधिक भांडीं तापवावींत, आणि उरलेला धूर धुरांड्यानें घराबाहेर काढावा. वर्ध्याच्या स्वयंपाकघरांतील गृहिणीचे डोळे आणि व्हरमाँटच्या दिवाणखान्यांतील वृद्धांचे पाय, दोहोंची काळजी एकाच विचारानें वाहिली जाते.

श्रोतेहो, सारांश थोडक्यांत सांगतों. पेटी ऊब देत नसेल तर नवी पेटी घेण्यापूर्वीं क्रमानें चार प्रश्न विचारावे. लाकूड दोन उन्हाळे वाळलें आहे काय? कांच स्वच्छ राहील इतका वारा विस्तवाला मिळतो काय? धुरांड्याचा जुना गळा बंद आहे काय? आणि मिळालेली ऊब खोलींत राहते काय? या चारांपैकीं पहिल्याचेंच उत्तर बहुधा 'नाहीं' असें येतें, आणि त्याचा उपाय पैशांनीं होत नाहीं. त्याला दोन वर्षें आधींची दृष्टि लागते. पुढील हिवाळ्याचें नव्हे, त्याच्याहि पुढच्या हिवाळ्याचें लाकूड ज्याच्या अंगणांत आज रचलेलें आहे, त्याचें घर ऊबदार राहील.